‘वॉर्ड’ म्हणजे तुमचं मूल

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकी मोबाईल घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. नातवाच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला होता, तो त्यांनी नातवाकडूनच वाचून घेतला होता. ‘पेरेंट्स आर रिक्वेस्टेड टू कलेक्ट द आन्सर पेपर्स ऑफ देअर वॉर्ड्स.’ त्यातला एक शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. “आमचो वॉर्ड तीन नंबराचो,” त्या म्हणाल्या, “मागीर आमकां कित्याक आपयतात?” मग आम्हाला कशाला बोलावतात, असं त्यांचं म्हणणं.

खूप हसलो. पंचायतीच्या वॉर्डाशिवाय दुसरा वॉर्ड आमच्या गावात कुणी ऐकलेला नाही. पण हसून झाल्यावर आठवलं, ‘वॉर्ड’ म्हणजे आपलंच पोर हे मलाही कळलं ते गेल्या वर्षी, तेही दुसऱ्या एका आईला विचारून. आणि मी दहावी पास आहे.

म्हणून हे लिहिते आहे, पाचवीनंतर शाळा आणि पालक यांचं बोलणं कुठे तुटतं त्यावर. लांबलं तर सांभाळून घ्या.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात बहुतेक गावांत मूल पहिली ते चौथी सरकारी मराठी शाळेत जातं. शाळा देवळाच्या बाजूला, चालत पाच मिनिटांवर. एक बाई, फार तर दोन. मुलाला सोडायला गेलं की बाई दारातच भेटायच्या. “आज डबा खाल्ला नाही हं त्याने.” “पाढे सोळापर्यंत आलेत, सतराला अडतो.” ही पालकसभाच होती, फक्त तिला नाव नव्हतं. गणेश चवथीच्या आरतीला बाई घरी यायच्या, तेव्हा पोराची सगळी गाऱ्हाणी माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, उभ्या उभ्या व्हायची.

मग पाचवी येते. शाळा आठ-दहा किलोमीटर लांब. बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, सकाळी पिंपळाकडे येतो आणि पोराला घेऊन जातो. बालरथ ही मोठी सोय आहे, त्याबद्दल वाईट बोलणार नाही, तो नसता तर निम्म्या मुली घरी बसल्या असत्या. पण बालरथ आला आणि पालकांची शाळेच्या फाटकाकडची फेरी संपली. पाचवी ते आठवी या चार वर्षांत मी किती वेळा शाळेत गेले असेन? वर्षाला तीनदा. दोन ‘ओपन डे’ आणि एक गॅदरिंग. माझ्यापेक्षा बालरथाच्या ड्रायव्हरला माझ्या मुलाचे मित्र जास्त ठाऊक आहेत.

शिवाय एका बाईंच्या जागी आठ टीचर आले. गणिताचे वेगळे, सायन्सच्या वेगळ्या. कुणाला भेटायचं? क्लास टीचरला विचारलं तर त्या म्हणतात, “मॅथ्स सरांना विचारा.” सर त्या दिवशी रजेवर.

आणि भाषा. इथे मी जरा थांबते, कारण गोव्यात या गोष्टीवर सरकारं हलली आहेत. १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान मिळेल ते मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या शाळांनाच. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला आणि मोठं आंदोलन पेटलं, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर रस्त्यावर उतरल्या. मोर्चे, धरणी, भाषणं. मी त्या बाजूची आहे, आजही. पण हा सगळा लढा पहिली ते चौथीचा. पाचवीच्या उंबऱ्यावर मुलाची भाषा एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलते, त्यावर कुणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही. इंग्रजी विषय म्हणून पहिलीपासून असतो, मान्य. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून विज्ञान, गणित, भूगोल शिकणं वेगळं. घरात आम्ही कोकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, आणि पोराचं दप्तर इंग्रजी. मुलं कशीबशी पोहून पार होतात. पालक मात्र काठावरच राहतात.

आमच्या घरात काय झालं ते सांगते. मोठा सहावीत होता. त्याच्या डायरीत गणिताच्या सरांनी तीनदा रिमार्क लिहिला होता, ‘सम्स नॉट डन.’ तिन्हीखाली माझी सही. मी वाचलंच नव्हतं. सकाळी एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात धाकटीची वेणी, आणि हा दारातून ओरडायचा, “आई, सही कर, बालरथ आयलो!” केली सही. ओपन डेला सरांनी डायरी उघडून पुढे ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “सही तुमचीच ना?” काय बोलणार?

त्या दिवशी नशिबाने आमचे हे बरोबर होते, नाईट शिफ्ट करून तसेच आले होते. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तोवर यांचा ट्रक होता, आता कारखान्यात आहेत. गणितात पहिल्यापासून हुशार. त्यांनी पेपर उलटून पाहिला, पोराला शून्य मिळालेलं उदाहरण बोटाने दाखवलं आणि म्हणाले, “सर, हा तर लसावि.”

सर हसले. “हो, एलसीएम म्हणजे लसाविच.”

महिनाभर पोरगा घरात विचारत होता, “बाबा, तुमकां एलसीएम येता?” आणि बाबा सांगत होते, “आमच्या वेळाक तें नासलें,” म्हणजे आमच्या वेळी ते नव्हतं. लघुत्तम साधारण विभाज्य ज्या माणसाला झोपेत काढता येतो, तो माणूस स्वतःच्या मुलासमोर अडाणी ठरला होता. पोरानेही मनात पक्कं केलं होतं की घरी विचारण्यात अर्थ नाही. त्याचं आवडतं वाक्य तयार झालं होतं, “आई, तुका कळचें ना,” तुला कळणार नाही. अकरा-बारा वर्षांचं पोर हे बोलतं तेव्हा राग येतो. पण त्याचं काय चुकलं? शाळेनेही तेच गृहीत धरलं होतं, आणि मीही.

पुढचं आमचं चुकलं ते पण सांगायला हवं. घरी आल्यावर यांनी गणित शिकवायला घेतलं. आठ दिवस बरं चाललं, मग रोज रात्री रणकंदन. “सर अशे करिनात!” “तुझ्या सराक हांव शिकयतां!” वगैरे. शेवटी वही फाटली. धाकटी बहीण बी.एड. करते, तिने फोनवर सांगितलं की यावर अभ्यास झालेला आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकेतल्या दोघी संशोधकांनी २००९ मध्ये याच वयाच्या मुलांवरचे पन्नास अभ्यास एकत्र तपासले. त्यात दिसलं की पालकांनी गृहपाठात हात घालणं आणि मुलाची प्रगती यांचं फारसं जमत नाही, उलट जिथे गृहपाठात मदत जास्त तिथे गुण कमी, असंच दिसतं. मूल मागे पडलं की आईबाप वही उघडतात, हेही त्यामागचं एक कारण असेल. सगळ्यात जास्त संबंध दिसला तो दुसऱ्याच गोष्टीचा: घरात शिक्षणाबद्दल बोलणं, हे कशासाठी शिकायचं ते सांगणं, आपली अपेक्षा काय ते मुलाला ठाऊक असणं, पुढचं काय याचा एकत्र विचार करणं.

अमेरिका कुठे आणि आमचा गाव कुठे, ते कळतं मला. पण हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. कारण या सगळ्याला इंग्रजी लागत नाही. कोकणीतून होतं ते, मराठीतून होतं, भात लावताना होतं. फक्त एक लागतं: शाळेत काय चाललंय ते आम्हाला ठाऊक असायला हवं. या महिन्यात गणितात लसावि आहे एवढं कळलं तर आमचे हे जेवताना सांगू शकतात की दोन गाड्या वेगवेगळ्या वेळाने सुटतात, त्या परत एकत्र कधी भेटतील ते कसं काढायचं. शिकवायचं काम सरांचंच.

आता शाळा काय कळवतात ते बघा. फी भरा. कागदपत्रं आणा. उद्या सुट्टी. स्पोर्ट्स डेला पांढरे शूज. आणि पोरगा बिघडला की, ‘मीट द हेडमास्टर.’ सहावी ते आठवीला सरकारने २०२१ मध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं, माझा मुलगा कॉम्प्युटरवर मांजर चालवतो आणि खूष असतो. ते मांजर का चालवायचं, हे एकाही पालकसभेत कुणी सांगितलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्रगती पत्रकाचं रूप बदलतंय, त्यात मूल स्वतःबद्दल लिहिणार, वर्गमित्र लिहिणार आणि पालकही भरणार. कल्पना उत्तम. पण ते पत्रक इंग्रजीत आलं तर आमच्या घरात माझ्या वतीने तोच भरेल, आणि मी खाली सही करीन. बालरथ आयलो!

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका. वाचायला किती छान! पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत या समितीला फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं, आणि आमच्याकडे पाचवीनंतरच्या बऱ्याचशा शाळा अनुदानितच. पालक-शिक्षक संघ असतो. त्याची सभा शुक्रवारी सकाळी अकराला. त्या वेळी कोण मोकळं असतं? ज्यांचं मूल आधीच पहिलं येतं ते. मग पंख्यांसाठी वर्गणी ठरते, चहा-सामोसा होतो, संपलं. टीचरांना दोष देत नाही मी. एकेका वर्गात चाळीस मुलं, त्यात निवडणुकीची ड्यूटी, ऑनलाइन माहिती भरणं. २०२५ मध्ये सहावीपासूनचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू केले, तेव्हा घामाने निथळत पोरं आणि टीचर दोघंही बसली होती, आणि पालक कोर्टात गेले होते. पालक संघटित होतात ते असे, विरोध करायला. पण तीच माणसं शाळेत बोलावून कुणी विचारलं का, तुम्हाला काय येतं?

एकदा विचारलं. सायन्सच्या एक तरुण टीचर आहेत, त्यांनी सातवीच्या मुलांना चवथीच्या आधी माटोळीतल्या फळांची यादी करायला सांगितली. माझ्या मुलाने मोबाईलवरून सात नावं उतरवली. माझी सासू, जिला सहीसुद्धा येत नाही, तिने ओसरीत बसून घागऱ्यो, कांगलां, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचं शिपटं अशी धडाधड तीस नावं सांगितली. टीचरनी यादी पाहिली आणि निरोप पाठवला, आजीला एक तास वर्गात आणाल का?

सासू नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून बालरथातून गेली. पिशवीत कवंडळं घेऊन. टेबलावर ती लालभडक फळं मांडली आणि मुलांना बजावलं की ही देवाच्या डोक्यावर टांगायची, तोंडात घालायची नाहीत. एका मुलीने विचारलं, “आजी, का?” तर म्हणाली, “तें तुमची टीचर सांगतली.” टीचरनी फळ्यावर विषारी आणि खाण्याजोग्या वनस्पती असे दोन रकाने केले. चाळीस मुलांनी वहीत उतरवलं. त्या दिवसानंतर ‘तुका कळचें ना’ हे वाक्य आजीला तरी ऐकावं लागलेलं नाही. मला अजून लागतं, अधूनमधून.

म्हणून मी हेडमास्तर सरांना अर्ज दिला आहे, मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीला जागा आहे, मग शाळेच्या नोटिशीतच का नको? मागितलंय फार थोडं. महिन्यातून एकदा प्रत्येक विषयात काय चाललंय ते चार ओळींत मराठीतून किंवा कोकणीतून. लिहायला वेळ नसेल तर टीचरनी व्हॉइस मेसेज टाकावा, काकींसारख्यांना तोच बरा. सभा रविवारी, किंवा निदान संध्याकाळी. आणि डायरीत रिमार्क लिहिला की एक फोन. सर म्हणाले, “व्हॉइस मेसेजचं बघतो, रविवारचं स्टाफला विचारावं लागेल.” स्टाफचं उत्तर काय येईल याचा अंदाज मला आहे, त्यांचीही पोरं घरी असतात.

तूर्त सभा येत्या शुक्रवारीच आहे, अकरा वाजता. यांनी शिफ्ट बदलून घेतली आहे, काकीही येतात म्हणाल्या. गाडीत अजून दोघांची जागा आहे. गावातलं कुणी येणार असेल तर दहाला पिंपळाकडे थांबा.