महानायकाचा डुप्लिकेट

ज्याच्या घरी ब्लू-रे प्लेअर आहे त्याला सिनेमातलं कळतं, असा आमच्या संपादकांचा समज आहे. माझ्या घरी तो आहे याचं खरं कारण म्हणजे मेहुण्याने घर बदललं तेव्हा त्याच्याकडे तो ठेवायला जागा उरली नव्हती. हे मी संपादकांना कधी सांगितलं नाही. त्यामुळे त्यांचा फोन आला. "तो सुपरहिरोवाला सिनेमा आलाय डिस्कवर. पाठवतो. सिनेमाबद्दल लिहू नका, ते आपलं छापून झालंय. डिस्कबद्दल लिहा. चित्र, आवाज, बोनस. तीनशे शब्द, सोमवारी सकाळी."

तीनशे शब्द म्हणजे काय, एका बैठकीत होतील, असं मला वाटलं. बैठक चार दिवस चालली.

पहिल्या दिवशी वेष्टनच सुटेना. डबीवर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवलेलं. त्याला आदी नाही, अंत नाही, परब्रह्मासारखं. नखं झाली, दात झाले, शेवटी कपाटाची किल्ली चालवली. ते निघालं तर डबीच्या कडांना चिकटपट्ट्या, वर 'ओढा' असं लिहिलेलं. ओढलं की नेमकं 'ओढा' तेवढं हातात यायचं आणि पट्टी जागच्या जागी. या सिनेमातला नायक भिंतीतून आरपार जातो. त्याच्या डबीत शिरायला मला वीस मिनिटं लागली. आत डिस्कने मधली खुंटी अशी घट्ट धरून ठेवली होती की काढताना ती धनुष्यासारखी वाकली, आणि मी डोळे मिटून घेतले.

मोडली नाही. प्लेअरने ती गिळली, दोनदा गुरगुरला आणि पडद्यावर लिहून दिलं की मला हे वाचता येत नाही, आधी मला अपडेट करा. प्लेअरची बाजू घ्यायची तर यात त्या बिचाऱ्याची चूक नसते. ब्लू-रेवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ल्या प्लेअरच्या पोटात असतात. एखादी किल्ली चोरांच्या हाती लागली की ती रद्द होते, नव्या डिस्कना नवं कुलूप लागतं, आणि मेहुण्याकडून आलेले प्लेअर जुना जुडगा हातात घेऊन दाराशी उभे राहतात. पेन ड्राइव्हवर अपडेट उतरवून तो त्याला खुपसला. 'या काळात वीजपुरवठा बंद करू नये' अशी सूचना आली, तेव्हा मी बटणाजवळ खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. घरात कोण कधी काय बंद करील याचा नेम नाही.

मग धमक्या सुरू झाल्या. ही डिस्क चोरून विकाल तर दंड होईल, तुरुंग होईल. हे एका भाषेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पुढे जायचं बटण दाबलं की कोपऱ्यात फुली उमटते. गंमत अशी की चोरून उतरवलेल्या कॉपीत यातलं काहीही नसतं, तिथे थेट सिनेमा सुरू होतो. 'चोरी करू नका' हे फक्त पैसे मोजणाऱ्यालाच ऐकावं लागतं. त्यामागोमाग आणखी एक पाटी आली: कॉमेंटरीत, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर कुणीतरी बोलत राहतं त्यात, व्यक्त झालेली मतं ज्याची त्याची, कंपनी त्यांच्याशी सहमत असेलच असं नाही. हे वाचून माझ्या अपेक्षा फार उंचावल्या. वाटलं, आत कुणीतरी काहीतरी स्फोटक बोललं असणार.

मेन्यू लागला आणि रिमोट सापडेना. मेन्यूत नायक पाठमोरा उभा असतो, ढग सरकतात, तुतारी वाजते, तो मान वळवतो, डगला फडकतो आणि पुन्हा पाठमोरा होतो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं. मी सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घातलेला असताना त्याने निदान तीस वेळा मान वळवली. शेवटी आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "अरे, एक तर ते बंद कर, नाहीतर चालू तरी कर!" रिमोट प्लेअरवरच होता. मी ठेवला नव्हता. आम्ही कुणीच ठेवला नव्हता.

आता चित्र. चित्र तपासायला पडदे ओढून, दिवे मालवून अंधार केला. तेवढ्यात आई शब्दकोडं घेऊन बाहेर येऊन बसली. तिला आतल्या खोलीपेक्षा बाहेरचा उजेड आवडतो. त्या दिवशी तो नव्हता, पण सवयीने आली. सिनेमा सुरू झाला, वर-खाली काळे पट्टे. मारामारीचा प्रसंग आला तसे पट्टे गेले आणि चित्र पडदाभर झालं. मारामारी संपली, पट्टे परत.

"तुझा टीव्ही बिघडला रे," आई म्हणाली.

"बिघडला नाही. काही प्रसंग आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर घेतात, ते उंच असतात. बाकीचा सिनेमा आडवा. २००८ च्या 'द डार्क नाइट'च्या ब्लू-रेवरही असंच आहे."

"मग सगळाच का नाही घेत उंच?"

तो कॅमेरा भयंकर जड असतो आणि इतका आवाज करतो की शेजारी उभं राहून कुणी हळू बोललं तर ऐकू येत नाही, हे मी तिला समजावलं. तिने ते लक्षात ठेवलं. त्यानंतर पट्टे गेले की ती कोड्यातून मान वर न करता म्हणायची, "आता बोलणार नाहीत."

आणि तसंच व्हायचं!

आवाजाची कथा मात्र करुण आहे. संवाद कुजबुजीत आणि स्फोट कानठळ्या बसवणारे. यालाही कारण आहे. आवाज बसवलेला असतो थिएटरसाठी, तिथे समोर, बाजूला, मागे, काही ठिकाणी छतालासुद्धा स्पीकर. संवादांसाठी मधला एक राखून ठेवलेला. आमच्या टीव्हीचे दोन चिमुकले स्पीकर पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसलेले, रुसल्यासारखे. त्या दोघांच्या अंगावर हा सगळा संसार पडतो. नायक मरणाऱ्या गुरूच्या कानाशी वाकतो, आवाज चाळीसवर न्यावा लागतो; गुरू प्राण सोडतात, त्याच क्षणी मागचा डोंगर फुटतो, आणि चाळीसवरून दहावर येईपर्यंत शेजारच्यांनी भिंत वाजवलेली असते. हे नेमकं सावरणारी 'नाइट मोड' नावाची सोय प्लेअरमध्ये होती. ती मला रविवारी सापडली. तोवर माझा उजवा अंगठा निकामी झाला होता.

बोनसचं म्हणाल तर डबीच्या मागे छातीठोकपणे छापलं होतं, 'चार तासांहून अधिक'. सिनेमा सव्वादोन तासांचा. म्हणजे डोंगरापेक्षा पायथा मोठा.

या पायथ्यावर सगळे एकमेकांची स्तुती करतात. नट म्हणतो दिग्दर्शक द्रष्टा आहे, दिग्दर्शक म्हणतो नट अभ्यासू आहे, निर्माता म्हणतो आम्ही एक कुटुंब होतो. आमच्या कुटुंबात इतकं चांगलं कुणी कुणाबद्दल कधी बोललेलं नाही, त्यामुळे मला ते पटायला वेळ लागला. वगळलेले प्रसंग आठ होते. ते का वगळले हे पाहणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं. एकात खलनायकाला अजून शिंगं बसवायची होती, त्यामुळे करड्या पायजम्यातला एक गृहस्थ, तोंडभर काळे ठिपके, डोक्यावर काठी आणि काठीला चेंडू, असा जगाच्या विनाशाबद्दल बोलत होता. बाकीचे नट त्याच्या तोंडाकडे न बघता चेंडूकडे बघून घाबरत होते. मला विचाराल तर सबंध डिस्कवर अभिनय खरा तिथे आहे.

कॉमेंटरीने निराशा केली. सिनेमावर बोलत राहायची ही रीत १९८४ साली 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्याही आधीच्या डिस्कवर, सुरू झाली. तिथे बोलायला सिनेमाच्या इतिहासाचा जाणकार होता, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. इथे दिग्दर्शक आणि दोन लेखक. "इथे फार थंडी होती." "हो, फार." मग चार मिनिटं तिघेही सिनेमा बघत बसतात आणि आपण तिघांना ऐकत. मधेच एक जण खोकतो. कंपनी या मतांशी सहमत असायला काय हरकत होती, कोण जाणे.

सगळ्याच कॉमेंटऱ्या अशा नसतात, हेही सांगतो. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये टोबी मग्वायर पडणाऱ्या मुलीला एका हाताने सावरतो आणि दुसऱ्या हातातल्या ट्रेवर उडालेले सगळे पदार्थ झेलतो. तो कॉम्प्युटरचा खेळ नाही, खरोखर झेललेत, आणि त्यासाठी १५६ वेळा टेक घ्यावा लागला, हे त्या डिस्कच्या कॉमेंटरीतूनच लोकांना कळलं. असं एखादं रत्न मिळेल म्हणून माणूस खोकला ऐकत बसतो.

माझं रत्न मला कॉमेंटरीत मिळालं नाही. ते आईला मिळालं. मारामाऱ्यांवरचा माहितीपट चालू होता आणि मी वहीत 'बरा' असं लिहीत होतो, तोच आई म्हणाली, "हा तो नव्हे."

"कोण तो?"

"हा तुमचा तो नव्हे. याचे कान मोठे आहेत."

खरंच, नायकाच्याच पोशाखात दुसराच माणूस होता. डुप्लिकेट. नायकाइतकाच उंच, तसाच खांद्यात रुंद, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन तारा. एक जण "तीन, दोन, एक" म्हणाला आणि यंत्राने त्या तारा अशा खेचल्या की तो गृहस्थ उभ्या उभ्या मागे उडाला आणि खोट्या भिंतीवर पाठीने आदळून खाली पडला. मग उठला, हात झटकले, अंगठा दाखवला आणि लंगडत पुन्हा आपल्या खुणेवर जाऊन उभा राहिला. तारा नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतात, हे निवेदक अभिमानाने सांगत होता. १९७८ च्या 'सुपरमॅन'च्या वेळी ही सोय नव्हती. तेव्हा तारा दिसू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करायचे, आणि क्रिस्टोफर रीव्ह पुष्कळदा जागच्या जागी लटकत असताना मागे आकाश दाखवणाऱ्या प्रोजेक्टरचं आणि कॅमेऱ्याचं झूम जोडीने फिरवून तो आपल्याकडे झेपावतोय असं भासवायचे. मी हे सगळं आईला सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं.

"तारा पुसतात ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण तो माणूसही पुसला की!"

त्या दिवसापासून सिनेमाचा अर्थच बदलला. आई शब्दकोडं गुंडाळून समोर बसली. जिथे चेहरा दिसतो तिथे तिला रस नव्हता. पाठ दिसली की ती सरसावायची. "आला." नायक शत्रूच्या विमानातून खाली झेपावला की, "पट्टा बांधला असेल ना रे?" 'द डार्क नाइट'मध्ये शिकागोच्या रस्त्यावर आख्खा ट्रक खरोखर उभा करून उलटा पाडला, अशी माहिती मी उत्साहाने पुरवली. तिने विचारलं, "आत कोण होतं?" ट्रक चालवणारा एक स्टंटमन होता. "त्याच्या आईला माहीत होतं?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही बोनसमध्ये नाही.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ मध्ये जाहीर केलंय की स्टंटसाठी वेगळा पुरस्कार ठेवणार, तो २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात दिला जाईल. हेही मी तिला वाचून दाखवलं.

"शंभर वर्षं काय करत होते?"

रविवारी रात्री मी लिहायला बसलो. चित्राला चार वाक्यं, आवाजाला चार, नाइट मोडला एक कृतज्ञ वाक्य. बाकीचं सगळं त्या मोठ्या कानांच्या माणसावर. माझ्या मते गेल्या काही वर्षांत माझ्या हातून झालेलं ते बरं लिखाण होतं. बुधवारी छापून आलं. 'चित्र उत्तम, आवाज दमदार, बोनस भरपूर. संग्रही ठेवावी अशी डिस्क.' खाली माझं नाव. संपादकांना फोन केला तर म्हणाले, जाहिरात आली हो ऐन वेळी.

आईने अंक हातात घेतला, चष्मा लावला, दोनदा वाचला.

"त्याचं नाव नाही आलं."

"जागा नव्हती."

ती काही बोलली नाही. रिमोट माझ्या हातात दिला आणि सिनेमाच्या शेवटी न्यायला सांगितलं. श्रेयनामावली सुरू झाली. आधी मोठी नावं एकेक करून, सावकाश. मग बारीक अक्षरांत दोन-दोन रांगा, भराभर. केशभूषा गेली, वाहनचालक गेले.

"थांब. गेलं. मागे घे. अजून. हां, इथे."

चित्र थांबवल्यावर अक्षरं किंचित थरथरत होती. आईने कालच्या शब्दकोड्याच्या समासात पेन्सिलीने एकेक अक्षर बघत ते नाव उतरवून घेतलं, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"याचा उच्चार कसा करतात रे?"

मला येत नव्हता.