डिस्क माझी, रेकॉर्डिंग मात्र कंपनीचं

डीटीएचचा एचडी रेकॉर्डर विकताना "पाहिजे ते साठवा, पाहिजे तेव्हा बघा" असं सांगतात. हे अर्धंच सांगणं आहे. साठवता येतं, बघताही येतं, पण फक्त त्याच बॉक्सवर, रिचार्ज चालू असेतोवर आणि बॉक्स जिवंत असेतोवर. हे उरलेलं अर्धं विकताना कुणी बोलत नाही. ते कळतं तेव्हा हातातलं गेलेलं असतं. माझं गेलंय. म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

मी बेळगावचा, राहायला वडगावात, कामाला उद्यमबागेत फौंड्रीत. सेकंड शिफ्ट असली की दुपारी घर सोडायचं आणि रात्री अकराच्या पुढं परत यायचं. टीव्हीवर बघण्यासारखं जे असतं ते नेमकं याच वेळात. मालिका म्हणा, आयपीएलची मॅच म्हणा, मराठी बातम्यांतली चर्चा म्हणा. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याची तारीख जवळ आली की आमच्या गल्लीत घरोघरी मराठी बातम्या लागतात, आणि मी तेव्हा भट्टीजवळ उभा. उद्यमबागेत, मच्छेत अशी शिफ्टमध्ये राबणारी माणसं थोडी नाहीत. रेकॉर्डर ही वस्तू आमच्यासारख्यांच्या गरजेची आहे. चैन म्हणून मी ती घेतली नव्हती.

वस्तूत काय काय आहे ते कागदावर वाचलं तर खुश व्हावं असंच आहे, हे मान्य. 500 जीबीची हार्ड डिस्क. दोन ट्यूनर, म्हणजे एक चॅनेल बघता बघता दुसऱ्याचं रेकॉर्डिंग. चालू कार्यक्रम थांबवून जेवून या आणि तिथून पुढं बघा. मालिका एकदा लावून ठेवली की रोजचा भाग आपोआप. चित्र 1920 गुणिले 1080 चं. एचडीच्या एका तासाला साधारण साडेतीन जीबी जागा लागते असं धरलं तर सव्वाशे तासांच्या वर माल बसायला पाहिजे. पण त्या 500 मधला काही भाग बॉक्स आपल्या कामासाठी अडवून ठेवतो, तो आपल्याला मिळत नाही. हे खोक्यावर कुठं छापलंय ते मला दाखवा.

आता दोन ट्यूनरचं ऐका. दोन्ही चालायचे तर छत्रीवरच्या एलएनबीतून, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या तोंडातून, दोन वायरी खाली यायला लागतात. आमच्याकडं बसवायला आलेल्या पोरानं एकच वायर सोडली, सही घेतली आणि गेला. पुढं बायको एक चॅनेल बघत असताना दुसरं रेकॉर्डिंग सुरू झालं की पडद्यावर पाटी यायची, चॅनेल बदला नाहीतर रेकॉर्डिंग रद्द करा. विचारलं तर म्हणे, दुसरी वायर आणि दोन तोंडाचा एलएनबी याचे वेगळे पैसे. मग पहिल्या दिवशी दोन ट्यूनरच्या बॉक्सचे पैसे कशाचे घेतलेत? हा प्रश्न मी त्या पोराला नाही विचारला, त्याला वायर मोजूनच देत असणार. कंपनीला विचारला. उत्तर आलं नाही.

पॅकचीही तीच तऱ्हा. आमचा पिनकोड 590 नं सुरू होतो, खानापूर-निपाणीकडचा 591 नं. बॉक्स चालू केला की या आकड्यांवरून ठरतं, गिऱ्हाईक कर्नाटकातलं, याला कन्नड पॅक. कन्नड चॅनेलना माझं काहीच म्हणणं नाही, माझी बायको दोन्ही भाषांतल्या मालिका बघते. पण फॉर्म भरताना मी मराठी सांगितलं होतं, तरी मराठी एचडी चॅनेलं मागून, फोन करून, एकेक करून लावून घ्यायला लागली. "सर, तुमचा भाग कर्नाटकात येतो की," असं फोनवर ऐकवतात. बाई, भाग कुठं येतो ते आम्हाला 1956 पासून माहीत आहे. मी चॅनेल मागतोय, तेवढं द्या.

पैशाचंही सांगतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची, म्हणजे टीव्ही-फोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत आली तेव्हा 100 चॅनेलना 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, हे नुसतं कनेक्शनचं भाडं. चॅनेलचे पैसे वेगळे. त्यात एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांएवढं मोजायचं. पुढं आकडे बदलले, पण एचडी बघणाऱ्यानं जास्त मोजायचं हे काही बदललं नाही. ठीक आहे, जागा जास्त लागते, मोजतो. मग त्या चॅनेलवर दुपारी लागणारे जुने सिनेमे साध्या प्रतीचे ताणून मोठे केलेले का असतात? माणसांचे चेहरे पुसट आणि वर कोपऱ्यात झळझळीत अक्षरांत एचडी.

आणि ती कार्यक्रमांची यादी, जिच्या भरवशावर सगळं रेकॉर्डिंग चालतं! बॉक्सला कार्यक्रम काय लागलाय ते कळत नाही, त्याला फक्त यादीतली वेळ कळते. यादीत आठ ते साडेआठ लिहिलं असेल तर साडेआठला तो बंद करतो, समोर काही का चाललेलं असेना. मालिका कधी चार मिनिटं उशिरा संपते, कधी सहा. आईची मालिका नेमकी जिथं दार उघडतं आणि कोण आलंय ते कळायचं असतं तिथंच कापली जाते. "आज पण कापलं की रे त्यानं," असं आई म्हणते तेव्हा मला कसं होतं ते माझं मला ठाऊक. शेवटी पाच-दहा मिनिटं वाढवून ठेवायची सोय आहे, ती मी लावली. तर ती वाढीव मिनिटं पुढच्या कार्यक्रमाच्या वेळेत घुसतात, दुसरा ट्यूनर अडतो, आणि साडेआठची मालिका "वेळेत अडचण" म्हणून सोडून दिली जाते. रविवारी महाएपिसोड असला की यादीत त्याचं नावच वेगळं असतं, म्हणून आठवडाभर नेमानं होणारं रेकॉर्डिंग महत्त्वाच्या दिवशीच होत नाही. उलट सकाळी, दुपारी लागणारे तेच तेच भाग मात्र पुन्हा पुन्हा रेकॉर्ड होऊन डिस्क भरते. आणि डिस्क भरली की बॉक्स न विचारता जुनं पुसतो, त्यावर "ठेवा" अशी खूण केलेली नसली तर.

पावसाचं काय सांगायचं! जांबोटी-कणकुंबीकडून जूनमध्ये एकदा सुरू झाला की आमच्याकडं तो दिवस दिवस उघडत नाही. डीटीएचच्या लहरी केयू बँडातल्या, साधारण अडीच सेंटीमीटर लांबीच्या. पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सिग्नल 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहापासून नीट येतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या पावसात मरतो. निसर्गावर राग नाही. राग याचा की याला उपाय आहेत. थोडी मोठी छत्री द्यायची, पावसाळ्याआधी एकदा येऊन ती नेमकी उपग्रहाकडं लावून जायचं, म्हणजे हलक्या-मध्यम पावसात तरी चित्र टिकतं. पण आमच्या पावसाचा विचार करून छत्री कुणी देत नाही. मुसळधार पावसाच्या तासाचं रेकॉर्डिंग उघडलं की चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो, किंवा यादीत नुसतंच लिहिलेलं असतं, रेकॉर्डिंग झालं नाही, सिग्नल नव्हता. पाऊस पडलेल्या दिवसांचे पैसे मात्र रिचार्जमधून बरोबर कापलेले.

लाईट गेली की आणखी निराळी गंमत नाही, शिक्षाच. लाईट परत आली तरी बॉक्स लगेच रेकॉर्डिंगला लागत नाही. आधी स्वतः चालू होणार, मग सिग्नल शोधणार, मग यादी उतरवणार, त्यात मिनिटं जातात. अर्ध्या तासाच्या मालिकेचे दोन तुकडे होतात आणि मधला भाग गायब. म्हणून मी टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला. तो खर्च वेगळा. शिवाय हा बॉक्स बंद केला तरी बंद होत नाही, आतली डिस्क रात्रंदिवस फिरत असते, वर हात ठेवला तर गरम लागतो. 20 वॅट धरा, महिन्याला 14 युनिट होतात. आमच्या कर्नाटकात गृहज्योती या सरकारी योजनेत आपली जुनी सरासरी अधिक दहा टक्के, आणि जास्तीत जास्त 200 युनिट, एवढीच वीज फुकट. ज्या घराची सरासरीच कमी आहे त्याला ही वरची वाढ म्हणजे जेमतेम दहाएक युनिट. ती सवलत या एका डब्यानं खाल्ली.

इथपर्यंतचं सगळं मी सोसत आलो होतो. ज्यानं डोकं फिरलंय ते पुढं आहे.

माझे मामा खानापूर तालुक्यातले, माळकरी. दरवर्षी दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जायचे. एका आषाढीला एका मराठी बातम्यांच्या चॅनेलवाल्यानं चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांच्यापुढं माईक धरला आणि मामांनी दोन चरण म्हटले. बेळगावकडून आलोय हे सांगितलं, हसले, हात जोडले. बायकोनं त्या दिवशी सकाळपासून वारीचं रेकॉर्डिंग लावलं होतं म्हणून ते आम्हाला सापडलं. पुढं मामा गेले. त्यांचा फोटो आहे, पण आवाज असलेलं घरात तेवढंच होतं. आई आषाढीला, कार्तिकीला, कधी मनात आलं तरी ते लावायला सांगायची. त्याच्यावर मी "ठेवा" अशी खूण करून ठेवली होती.

ते मला बॉक्सच्या बाहेर काढायचं होतं. बॉक्सच्या मागं यूएसबीचं भोक आहे, एचडीएमआय आहे, मग पेन ड्राइव्ह लावला की येईल असं कुणालाही वाटेल. येत नाही. रेकॉर्डिंग डिस्कवर उतरतानाच कुलूपबंद होऊन उतरतं, आणि किल्ली त्या बॉक्सला आणि आतल्या कार्डाला बांधलेली. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तरी काही दिसत नाही. एचडीएमआयमधून कॉपी करायला गेलं तर तिथं कॉपी रोखणारं एचडीसीपीचं कुलूप. रिचार्ज संपला की तुमच्याच घरातलं, तुम्हीच केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा बंद. पैसे भरा, मग बघा. सिनेमावाल्यांचे हक्क राखायला हे करतात म्हणे. राखा की. चोरून सीडी विकणाऱ्याला धरा. पण बातम्यांत दोन मिनिटं दिसलेला म्हातारा वारकरी कुठल्या सिनेमाचा हक्क बुडवतोय?

या पावसाळ्यात बॉक्स बंद पडला. चालू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा, पुन्हा बंद. तक्रार केली. माणूस आला, म्हणाला बॉक्स बदलायला लागेल. मी म्हटलं, बदला, पण यातलं रेकॉर्डिंग नव्यात घालून द्या. म्हणाला, "ते होत नाही हो, सगळं जातंय." मग डिस्क तरी मला द्या. तर ती कंपनीची मालमत्ता. पुढं मी शिफ्टला गेलेलो असताना दुसराच कोणी येऊन नवा बॉक्स लावून जुना घेऊनही गेला. आईला काय कळणार, तिनं दार उघडलं. कस्टमर केअरला मी फोनवर फोन केले, जुना बॉक्स कुठं आहे एवढंच सांगा म्हटलं. प्रत्येक जण तक्रारीचा नवा नंबर देतो आणि "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणतो. गैरसोय नाही हो ही. मेलेल्या माणसाचा आवाज तुम्ही घेऊन गेलात.

आणि वर सल्ला काय देतात, तर रेकॉर्डर आता जुना झाला, अँड्रॉइड बॉक्स घ्या, सगळं ॲपवर मिळतं. मालिका मिळतील. बातम्यांच्या चॅनेलवर त्या सकाळी थेट दाखवलेलं वाळवंट कुठल्या ॲपवर आहे? शोधलं मी. नाही.

दुसऱ्या कंपनीकडं जावं म्हटलं तर हा बॉक्स तिथं चालत नाही, नवा घ्यायचा, पुन्हा शून्यापासून. डीटीएचच्या परवान्याची नियमावली 2001 सालची, त्यात सगळ्यांचे बॉक्स एकमेकांशी जुळावेत असं तेव्हाच लिहिलेलं. एप्रिल 2020 मध्ये ट्रायनं पुन्हा शिफारस केली की कंपनी बदलली तरी बॉक्स तोच राहावा. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मग बॉक्स का नाही? गिऱ्हाईक डब्याला बांधलेलं राहतं, त्यात कुणाचा फायदा आहे ते सरळ दिसतंय.

मी आता कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार दिली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तिथून काही झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. मागणं साधं आहे. बॉक्स बदलताना गिऱ्हाईकाचं रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर उतरवून द्या, आणि ते जमत नसेल तर विकताना मराठीत, कन्नडमध्ये, ज्याला जी वाचता येते त्या भाषेत छापून द्या की यात साठवलेलं तुमचं नाही.

ज्यांच्या घरात असा बॉक्स आहे आणि त्यात कुणाचं गाणं, कुणाची मुलाखत, गावच्या जत्रेची बातमी आहे, त्यांनी थांबू नका. आजच ते रेकॉर्डिंग लावा, मोबाईल टीव्हीसमोर स्टँडवर ठेवा, खोलीतला दिवा बंद करा म्हणजे काचेवर उजेड पडणार नाही, पंखाही बंद करा नाहीतर आवाजात घरघर येते, आणि पडद्यावरूनच शूटिंग करून घ्या. एचडीचे पैसे भरून हे असं करायला लागतंय, पण दुसरा मार्ग त्यांनी ठेवलेला नाही.