घोणस अळी, तो फोटो आणि खरा धोका

‘कापसावर, उसावर नवी अळी आली आहे, ती सापापेक्षा विषारी आहे, चावली की पाच मिनिटांत माणूस मरतो.’ शेतात पडलेल्या दोन मृतदेहांच्या फोटोसह हा संदेश सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रभर फिरला.

आधी फोटो. ते दोघे चाळीसगाव तालुक्यातले शेतकरी, आणि त्यांचा जीव गेला तो वीज पडून. अळीचा त्यात काहीही संबंध नव्हता.

‘नवी’ म्हणावी तर तेही खरं नाही. लिमाकोडिडी कुळातल्या पतंगाची ही अळी एरंड, आंबा, गवत आणि बांधावरच्या झुडपांवर पूर्वीपासून आहे. पाऊस सरताना, दमट उष्म्यात ती जास्त दिसते.

‘चावते’ हा शब्दच चुकीचा आहे, आणि उपचार चुकतात तेही याच शब्दामुळे. तिचं तोंड अंगाखाली दडलेलं असतं, पानं कुरतडण्यापुरतं. दाह होतो तो अंगावरच्या काट्यांनी. काटे पोकळ असतात, मुळाशी विषग्रंथी असते. हात लागला की टोकं त्वचेत मोडतात आणि विष उतरतं. म्हणून ती जागा चोळायची नाही; चोळलं की काटे आणखी आत जातात. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचला. दर वेळी नवा तुकडा घ्या, असं चार-पाच वेळा करा. मग साबणाने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. डोळ्याला काटा लागला तर स्वच्छ पाण्याने धुवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

‘पाच मिनिटांत मृत्यू’ होत नाही. आग, सूज, लाल पुरळ काही तास, फार तर एखाद-दोन दिवस राहतं. ॲलर्जी असलेल्याला मात्र धाप लागू शकते, ओठ सुजू शकतात. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठा. ब्राझीलकडच्या लोनोमिया अळीने माणसं दगावली आहेत, पण तिचं कुळ वेगळं आणि ती आपल्याकडे नाही.

‘सगळ्या शेतावर जहाल औषध मारा’ हा सल्लाही नको. चार-दोन अळ्या असतील तर काडीने साबणाच्या पाण्यात पाडा. जास्त असल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा घाला आणि एकूण शंभर लिटर द्रावण करा. गवत कापताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला.

राहिलं ‘सापापेक्षा विषारी’. आमच्या मते संदेशातला सर्वात घातक भाग हाच. घोणस हा सापही त्याच बांधावर, त्याच गवतात असतो. अंधारात काहीतरी डसलं, ‘अळीच असेल’ म्हणून माणूस घरी बर्फ लावत बसला, तर मोलाचा वेळ जातो. डसणारा प्राणी दिसला नसेल तर सर्पदंशच समजा. सूज वर चढत असेल, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त थांबत नसेल, तर शंकाच नको. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, पाय हलवू नका. 108 ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेलं रुग्णालय गाठा. भारतात मिळणारं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं. अळीच्या काट्याला ते लागत नाही.