"जा, बोल त्यांच्याशी" एवढ्याने मैत्री होत नाही

मुलांच्या मैत्रीवरचा एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की बुजऱ्या मुलाला आई-बाबांनी "जा, तूच आधी बोल" असं सांगावं. मी जळगाव जिल्ह्यात पाचवीला शिकवते, मला हे पटलं नाही. मागच्या वर्षी पारोळ्याकडच्या खेड्यातून एक पोरगा आला, घरी पूर्ण अहिराणी (आमच्या खानदेशातली बोली), त्यामुळे तोंडातून "माले", "तुले" निघालं की पोरं फिदीफिदी हसायची आणि तो गप्प व्हायचा. मधल्या सुट्टीत लगोरी चालायची तेव्हा हा निंबाखाली उभा, दोन-तीन दिवस नुसता बघत होता, मग लांब गेलेला चेंडू पळत जाऊन आणून द्यायला लागला, आणि एक दिवस भिडू कमी पडला तर पोरांनीच हाक मारली. मी मध्ये पडले असते तर सगळं बिघडलं असतं, खरंच सांगते.

पुटलाझ आणि गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं, चालू खेळात घुसून स्वतःबद्दलच बोलणारी, प्रश्न विचारणारी नाहीतर वाद घालणारी मुलं जास्त नाकारली जातात, आणि जे चाललंय त्यात मिसळणारी पटकन घेतली जातात.

त्याच्या भाषेला हसण्याचं मात्र पोरांवर सोडलं नाही हं मी. वर्गात प्रत्येकाने आजीकडून एक अहिराणी म्हण आणायची असं सांगितलं, तर सगळ्यात जास्त म्हणी त्याच्याकडेच निघाल्या. आता पोरं डब्यातली कळण्याची भाकरी मागून खातात त्याच्याकडून.