कापराचा झणका म्हणजे वास नव्हे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज तीनदा फिरला. ‘सर्दी-कोविडनंतर वास गेलाय? ओवा-कापराची पुरचुंडी दिवसातून चारदा हुंगा, रोज झिंकची गोळी घ्या. 15 दिवसांत वास परत! माझा आला. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ खाली अंगठेच अंगठे. आत्याचा वास वर्षभर गेलाय. दूध लागून पातेलं काळं झालं तरी तिला पत्ता नसतो. ती म्हणाली, “घेऊ का रे?”

‘पुरचुंडी हुंगताच फरक कळतो.’ कळणारच. पण कापूर नाकाला झोंबतो, गार लागतो, आणि ते कळवणारी नस वेगळी, वासाची वेगळी. आत्याला डोळे मिटायला लावले. कापूर धरला, लगेच “आला, आला!” मग कॉफीची पूड. गप्प. हिंगाची डबी उघडून अगदी नाकाशी नेली, तर म्हणते, “उदबत्ती का?” आमच्याकडचा हिंग शेजारच्यांनाही कळतो!

‘झिंक घ्या.’ ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट हेन्किन स्वतः झिंकच्या बाजूचे. त्यांनीच 106 रुग्णांवर चाचणी घेतली. कोणाला झिंक आणि कोणाला औषध नसलेली नुसती गोळी, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. 1976 साली निकाल छापला: झिंक नुसत्या गोळीपेक्षा सरस नाही. स्वतःच्याच मताविरुद्धचा निकाल छापायला छाती लागते. अंगात झिंक खरोखर कमी असेल तर गोष्ट निराळी. पण नाकात झिंक घालू नका. तसल्या औषधांनी लोकांचा वास गेल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये ती वापरू नका असं बजावलं होतं.

‘माझा आला.’ आला असेल, आनंद आहे. पण पुरचुंडी न हुंगता आला नसता का? विषाणूने गेलेला वास पुष्कळांचा आपोआप परततो, कारण वासाच्या पेशी नव्याने तयार होत राहतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसला वास परत यावा म्हणून दम्याचं औषध थिओफिलिन मिठाच्या पाण्यातून नाकात देऊन पाहिलं. 51 जण, निकाल 2022 चा. औषध मिळालेल्यांपैकी 59 टक्क्यांना थोडा तरी फरक वाटला. ग्रुपवर एवढाच आकडा आला असता, तर दुपारपर्यंत केमिस्टकडे रांग लागली असती. पण ज्यांच्या पाण्यात औषधच नव्हतं, त्यांच्यातही 43 टक्क्यांना फरक वाटला! एवढ्या थोड्या माणसांत या अंतरावरून औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही.

‘डॉक्टर सांगणार नाहीत.’ आत्याच्या डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने नाकात मांसाचे कोंब आहेत का पाहिलं (ते असले तर स्टिरॉइडचा खरंच उपयोग होतो), आणि मग फुकटातला उपाय सांगितला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी यांचे वास रोज दोनदा हुंगायचे, निदान 12 आठवडे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेली ही रीत. गुण सगळ्यांना येत नाही.

आत्याचा आता सातवा आठवडा. लवंग कधीमधी कळते म्हणते. निलगिरी झोंबते, म्हणून ती मी हिशेबात धरत नाही. गॅस बंद आहे का, हे अजून मीच हुंगून बघतो.