रावडिली

रात्री साडेनऊला, पहिला घास मोडतच होतो, तेव्हा आमच्या सातवीतल्या चिरंजीवांना इंग्रजीचा गृहपाठ आठवला. ‘रावडिली’ वाक्यात वापरा.

“काय भरडिली?” माझी आई आतून म्हणाली. तिचा कान चुकला नव्हता. दळिली, भरडिली, रावडिली! शब्द थेट जात्यावरच्या ओवीतला वाटतो.

बाप म्हटल्यावर मला येणं भागच. सांगितलं, ‘रावडी’ विशेषण. शेवटच्या वायचा आय कर, पुढे एलवाय लाव, झालं क्रियाविशेषण. अर्थ, धिंगाणा घालत.

“म्हणजे एलवाय आला की क्रियाविशेषण?”

“हो.”

“अहो, मग फ्रेंडली? डिसऑर्डरली? ती विशेषणं आहेत,” स्वयंपाकघरातून आवाज आला. (पुढची पोळीही करपलेली आली.)

अब्रू झाकायला डिक्शनरी काढली. रावडी हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उगवला, रानाकडच्या दांडगट लोकांसाठी. मूळ मात्र अज्ञात. हुल्लडबाजांचं असंच असतं. काच फुटल्यावर गल्लीत विचारून बघा, एकही पोट्टा कोणाचा नसतो. दक्षिणेत पोलीस ‘रावडी शीट’ उघडतात, म्हणजे तिथे रावडी हा चक्क गुंड. इंग्रजाला एवढं लागत नाही. मॅच जिंकल्यावर रस्त्यात बेसूर गाणारेही त्याच्या लेखी रावडिलीच गातात.

“बाबा, ‘पोट्टे मारबतीच्या मिरवणुकीत रावडिली नाचले’ असं इंग्रजीत लिहू?”

व्याकरण चोख होतं. पण आई बाहेर आली.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडापीडा गावाबाहेर काढतो, त्याले धिंगाणा म्हणून राह्यला काऊन रे? ‘घेऊन जा गे मारबत’ काय कानात कुजबुजायचं असते?”

“आई, नाचणं वाईट नाही म्हटलं. कसे नाचले, एवढंच सांगते ते. क्रियाविशेषण आहे.”

“मंग तू इतवारीतून एका बाहीचा शर्ट घालून आल्ता, ते कोणतं विशेषण होतं?”

हे प्रकरण घरात पंचवीस वर्षं मिटलेलं होतं. पोरानं वही ओढली आणि माझ्यादेखत लिहिलं, ‘माय फादर डान्स्ड रावडिली इन इतवारी.’

दुसऱ्या दिवशी वहीत बरोबरची खूण आली. शेजारी बाईंनी लाल शाईत हसरा चेहरा काढलेला. खाली नवा शब्द, ‘पीसफुली’.

आई चपला घालून टेकडी गणपतीला निघून गेली.