ग्रंथालयाच्या मासिक अहवालात मांडणीचाही रकाना हवा

महिना संपत आला की ग्रंथालयात अहवालाची गडबड सुरू होते. कार्यक्रम किती झाले, उपस्थिती किती, नवे सभासद किती, देवघेव किती. हे रकाने भरले, सोबत फोटो जोडले की महिना मार्गी लागला. सार्वजनिक ग्रंथालयात काम करताना हा अहवाल मी कित्येकदा भरला आहे आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. कागदावर लिहिलेलं सगळं खरं असतं, पण ज्या कामावर ग्रंथालय उभं आहे ते काम, म्हणजे पुस्तकं तपासून जागच्या जागी लावण्याची मांडणी, त्यात औषधालाही सापडत नाही.

त्याबद्दल आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सकाळी दार उघडण्याआधी आमच्यासमोर असते परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली. एकेक पुस्तक हातात घेऊन चाळायचं. पानं सुटली आहेत का, ओल लागली आहे का, आत कुणाची चिठ्ठी, पावती, फोटो राहिला आहे का ते बघायचं. मग संगणकावर 'परत' अशी नोंद करायची. कुणी राखून ठेवायला सांगितलं असेल तर ते बाजूला काढून त्यांना कळवायचं. शिवण उसवली असेल तर ते बांधणीच्या गठ्ठ्यात. उरलेली पुस्तकं वर्गांकाप्रमाणे, म्हणजे पाठीवरच्या विषयाच्या क्रमांकाप्रमाणे, ट्रॉलीवर लावून घ्यायची आणि मग कपाटाकपाटांतून फिरून एकेकाला त्याच्या जागी बसवायचं. आदल्या दिवशी गर्दी असेल तर यातच सकाळ सरते. अहवालात या सकाळीसाठी जागा नाही.

हे किती नाजूक काम आहे ते बाहेरून लक्षात येत नाही. अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ सालची. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, त्यांचे शंभर विभाग, त्यांचे हजार उपविभाग आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवं तितकं बारीक जाता येतं. ५२३.४ म्हणजे ग्रह. ५३२ म्हणजे द्रव पदार्थांचं भौतिकशास्त्र. संध्याकाळच्या घाईत कुणाच्या नजरेत २ आणि ३ यांची अदलाबदल झाली की ग्रहांवरचं पुस्तक थेट पंपांच्या आणि दाबाच्या गणितांच्या पुस्तकांत जाऊन बसतं. संगणक मात्र सांगत राहतो, 'उपलब्ध'.

आमच्याकडे असंच झालं. आकाशनिरीक्षणावर एक छान व्याख्यान ठेवलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, मुलं जमिनीवर बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक मुलगा काउंटरवर आला. त्याला शनीच्या कड्यांबद्दल वाचायचं होतं, शाळेत प्रकल्प द्यायचा होता. संगणकावर पुस्तक दिसत होतं, शेल्फवर नव्हतं. शेजारच्या रांगा पाहिल्या, ट्रॉली पाहिली, वाचनकक्षातली टेबलं पाहिली. मिळालं नाही. दुसरं एक जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं, त्याने ते दोन मिनिटं चाळलं आणि 'नको' म्हणून परत दिलं. पुढे केव्हातरी शेल्फ वाचताना, म्हणजे कपाटातल्या पुस्तकांचा क्रम तपासताना, ते पातळसं पुस्तक ५३२ मध्ये, दोन मोठ्या ग्रंथांच्या मध्ये दबलेलं सापडलं. त्याच्या घरी फोन केला, पण तोवर प्रकल्प देऊन झाला होता.

त्या महिन्याच्या अहवालात ते व्याख्यान 'यशस्वी' म्हणून नोंदलं गेलं. ते यशस्वी होतंच. वक्ते उत्तम बोलले, उपस्थिती भरपूर होती. पण ग्रंथालयाने ठेवलेला कार्यक्रम ऐकून एक मूल पुस्तक मागायला येतं आणि रिकाम्या हाताने जातं, तेव्हा ग्रंथालय म्हणून आपण कमी पडलो. व्याख्यान कुठल्याही सभागृहात होऊ शकतं. ऐकून झाल्यावर त्याच विषयाचं पुस्तक त्याच दारातून घरी नेता येणं, हे फक्त ग्रंथालयातच होतं. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे त्यांतले दोन सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र रोज आठवतो तो चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. चुकीच्या जागी बसलेलं पुस्तक वाचकाचा वेळ तर खातंच, वर 'इथे काही मिळत नाही' असा समजही करून देतं. तो समज पुसायला पुढची दहा व्याख्यानं पुरत नाहीत.

शेल्फ वाचणं म्हणजे काय ते सांगते. कपाटासमोर उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक आणि त्याखालची लेखकाची अक्षरं क्रमाने वाचत जायचं. वाकून खालचा कप्पा, टाचा उंचावून वरचा. चुकलेलं काढायचं, लेबल निघालेलं नोंदवायचं, मागे पडलेलं पुढे ओढायचं. कंटाळवाणं आहे, मान दुखते, धूळ नाकात जाते. पण पुस्तकांशी खरी ओळख याच कामात होते. कुठला विषय सतत बाहेर असतो, कुठल्या कप्प्याला कुणी हात लावलेला नाही, कसर कुठे लागते आहे, भिंतीला ओल कुठे आहे, हे कुठलाही तक्ता सांगत नाही. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं, आणि बुरशी आधी खालच्या, भिंतीलगतच्या कप्प्यात धरते. ती तिथे बसून बघणाऱ्यालाच दिसते.

माझा कार्यक्रमांना विरोध आहे असं कृपया समजू नका. बालविभागातला गोष्टींचा तास मला महिन्यातला सगळ्यात मोलाचा तास वाटतो. पण तोही संख्येच्या मागे लागला की बिघडतो. पन्नास मुलं बसवायची, माइकवर गोष्ट सांगायची, टाळ्या, फोटो, संपलं. त्यापेक्षा आठ-दहा मुलं पुस्तकाभोवती बसवा, चित्र दाखवून 'हा काय करतोय?', 'आता काय होईल?' असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पालकांना असं प्रश्न विचारत चित्रपुस्तक वाचायला शिकवलं होतं. प्रयोग जेमतेम एका महिन्याचा, मुलं दोन-अडीच वर्षांच्या आसपासची, आणि तरी त्यांच्या बोलण्यात नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा फरक दिसला. म्हणून गोष्टीच्या तासाला पालकांनी मागे मोबाइलवर न बसता मुलाशेजारी बसावं, असा माझा आग्रह असतो. मूल आठवड्यातून एक तास आमच्याकडे येतं. बाकीचे सगळे तास ते त्यांच्याजवळ असतं. तास संपला की तीच गोष्ट घरी नेता यावी म्हणून त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती आधीच काढून ठेवायला हव्यात. पुन्हा मांडणीच आली.

आता एका नाजूक विषयाकडे येते. पुस्तकं बाद करणं. याच्याइतका राग कशाचाच येत नाही. 'ग्रंथालयवालेच पुस्तकं फेकायला निघाले!' असं ऐकावं लागतं. पुस्तकावर माया आहे म्हणूनच लोक असं बोलतात, हे मला कळतं. पण आजारावरच्या जुन्या पुस्तकात आज घातक ठरलेला उपचार लिहिलेला असेल आणि ते विश्वासाने शेल्फवर उभं असेल, तर ते वाचकाचं नुकसान करतं. बदललेले कायदे, बदललेले कर, बंद पडलेल्या संगणक प्रणाली यांचं तसंच. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९७६ पासून यासाठी एक पद्धत वापरात आली. त्यातले निकष साधे आहेत: माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक दुरुस्तीपलीकडे गेलं आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, वाचकांना त्याचा उपयोग उरला आहे का, इतरत्र सहज मिळतं का. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे हा रंगनाथन यांचा पाचवा नियम आपण सगळीकडे लावतो, पण वाढणारा जीव नवं घेतो तसं जुनं टाकतोही, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे.

मात्र बाद करायचं तर डोळस हाताने. नुसता 'पाच वर्षांत कुणी नेलं नाही' असा संगणकाचा तक्ता काढून गठ्ठे बांधणं मला मान्य नाही. पाच वर्षं ते चुकीच्या कप्प्यात असेल तर नेणार कोण? एखाद्या विषयावरची ती शेवटची प्रत असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्रास वापरला गेला, म्हणून त्या काळापासूनची बरीच पुस्तकं पिवळी पडून हातात तुकडे होतात. त्यांतलं जे दुर्मिळ आहे ते मोठ्या, जतनाची सोय असलेल्या ग्रंथालयाकडे पोचवायचं, की रद्दीत घालायचं? हा निर्णय घेणाऱ्याला निवांत वेळ हवा. महिनाभर सभागृहातल्या खुर्च्या मांडण्यात गेलेल्या माणसाकडे तो कुठून असणार?

दंडाबद्दलही दोन शब्द. उशिराचा दंड लावावा की नाही यावर आमच्यात अजून वाद होतो. माझं मत पक्कं आहे: दंड नको, आठवण हवी. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, आणि वर्षानुवर्षं घरात पडलेली पुस्तकं लोकांनी आणून दिली. दंड साचला की माणूस लाजेने ग्रंथालयात येणंच सोडतो, त्यात पुस्तकही जातं आणि वाचकही. पण दंड नको म्हटलं की आठवणीचे फोन आणि निरोप नियमित जायला हवेत. तेही काम आलंच, आणि त्यालाही रकाना नाही.

काही कामं मोजणं अवघडच आहे. कुणी हळू आवाजात ६१६ मधलं, म्हणजे एखाद्या आजारावरचं पुस्तक मागतं. आम्ही काही न विचारता कपाटापर्यंत सोबत जातो, दोन-तीन पुस्तकं काढून देतो, त्यातलं सोपं आणि ताजं कुठलं ते सांगतो. अहवालात ती एक देवघेव. कुणी काय नेलं हे आम्ही कुणाला सांगत नाही, सांगूही नये, मग विचारणारा घरचा असो की वरिष्ठ. कुणाला ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, कुणाला आलेलं पत्र वाचून हवं असतं. कुणी रोज येऊन वृत्तपत्रं वाचतं, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं बंद होईपर्यंत बसतात, आणि यांतले बरेच जण पुस्तक घरी नेतच नाहीत. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा पहिल्यांदा १९४९ मध्ये आला आणि शेवटचा सुधारला गेला २०२२ मध्ये. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी आणि सर्वांना समान मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. 'सर्वांना' या शब्दात हे वृत्तपत्र वाचणारे आजोबाही आले. देवघेवीचा आकडा घसरला म्हणून वाचनकक्षाची वेळ कमी करायचं कुणी सुचवतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. महिन्याच्या वेळापत्रकात कार्यक्रमांच्या तारखा पडतात, तशीच मांडणीची अर्धी सकाळ दर आठवड्याला आधी लिहून टाका. त्या वेळेत काउंटरवर एकच जण, बाकी सगळे कपाटांसमोर. अहवालात नवे रकाने द्या: किती कप्पे वाचून झाले, चुकीच्या जागी किती पुस्तकं सापडली, बांधणीला किती गेली, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी कितींची उत्तरं देता आली. कार्यक्रमाच्या नोंदीतही उपस्थितीच्या शेजारी लिहा की पुढच्या पंधरा दिवसांत त्या विषयाची किती पुस्तकं घरी गेली. व्याख्यानाच्या दिवशी देवघेव विभाग व्याख्यान संपल्यानंतर अर्धा तास तरी उघडा ठेवा, आणि सभागृहाच्या दाराशी त्या विषयाच्या पुस्तकांचं टेबल मांडा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. महिन्यात दोन कार्यक्रम कमी झाले तरी चालतील. ग्रंथालयाच्या समित्यांवर असलेल्या मंडळींनी कृपया यावर विचार करावा, आणि पटत नसेल तर इथे खाली वाद घालावा, मी उत्तर देईन.

वाचकांनाही एक विनंती. शेल्फवरून काढून चाळलेलं पुस्तक परत नेमकं कुठे होतं ते आठवत नसेल, तर अंदाजाने आत सरकवू नका. टेबलावरच ठेवून जा. त्यात बेशिस्त काही नाही, उलट आमचं काम सोपं होतं. टेबलावर राहिलेली पुस्तकं आम्ही गोळा करतो, 'जागेवर वाचलेली' म्हणून नोंदतो आणि मग जागेवर लावतो. बाद करायच्या यादीत एखादं पुस्तक आलं की ही नोंद बघितली जाते, आणि तुम्ही दहा मिनिटं चाळलेलं पुस्तक त्या नोंदीमुळे यादीतून बाहेर काढता येतं.